शंका विचारायला गेलो आणि खुर्ची विकून आलो

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (हा कागदावरच गोड मानून घे. प्रत्यक्ष घालायला गेलो तर ज्या आठ अंगांनी जमिनीला टेकायचं ती आठही अधांतरी राहतात आणि ज्याचा त्यात समावेशच नाही असं नववं अंग आधी टेकतं.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला की अजून मुक्कामाला आहे? मागच्या खेपेला माझा शर्ट तुमच्याकडे राहिला तो परत पाठवू नका. भाऊजींनी तो स्कूटर झाकायला घेतलाय असं कळलं, माझी काही हरकत नाही, स्कूटरला तो खांद्यात नीट बसत असेल अशी आशा करतो. इकडे सगळं क्षेम आहे, म्हणजे ही क्षेम आहे आणि मी सूप पितोय.

फोन का केला नाहीस, हे तू विचारणारच. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि आमच्या घरात फोन घेऊन गच्चीत गेलो तरी हिला स्वयंपाकघरात ऐकू येतं. पत्राचं तसं नाही. पत्रात मध्येच कोणी "पुरे, मुद्द्यावर ये" म्हणत नाही, तेव्हा मुद्द्यावर मी जरा सावकाश येणार आहे.

ऑपरेशनचं तुला ठाऊक आहेच. पोट लहान करायचं. बाहेरचं पोट नव्हे (माझीही आधी तीच समजूत होती, वाटलं शिंप्यासारखं दोन्ही बाजूंनी थोडं थोडं आत घेतात), तर आतली पिशवी. तिचा बराचसा भाग काढून टाकतात आणि उरलेली केळ्याएवढी ठेवतात. का करायचं, तर साखर, रक्तदाब, गुडघे ही सगळी भारदस्त कारणं डॉक्टरांच्या कागदावर आहेतच. खरं कारण वेगळं आहे. झोपेत माझा श्वास थांबतो. मला त्याचा काडीचाही त्रास नाही, मी झोपलेला असतो. पण ही जागी असते. थांबला की ती मला कोपराने ढोसते, आणि सुरू झाला की मी असा काही घोरतो की तिची पुन्हा झोपमोड. अनेक वर्षं हे चाललंय आणि मला वाटायचं ही मुळातच चिडक्या स्वभावाची आहे. मागच्या महिन्यात एका दुपारी शेंगा सोलता सोलता बसल्या जागी तिचा डोळा लागला. मान खाली, हातात अर्धी सोललेली शेंग, आणि दार वाजलं तरी जाग नाही. ताई, मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी दवाखान्यात जाऊन नाव घालून आलो.

नाव घालेपर्यंत मी शूर होतो. शंका घरी आल्यावर सुरू झाल्या. आधी किरकोळ आल्या. इतकी वर्षं मी वर्तमानपत्र, चष्मा आणि चहाचा कप पोटावर ठेवत आलो, ते आता कुठे ठेवायचं? गिऱ्हाइकाशी बोलताना हात पोटावर असतात, पोट गेल्यावर हातांनी काय करायचं? (खिशात घातले तर माणूस फसवतोय असं वाटतं आणि पाठीमागे बांधले तर पुढारी वाटतो.) कोणाकडे जेवायला गेलो तर चार घासांत आटोपून मी नुसता बघत बसणार, आणि मला ताटावर नुसतं बसलेलं पाहून यजमानीणबाई स्वयंपाक बिघडला म्हणून रडणार. मग किरकोळ शंकांच्या मागून ठोक शंका आल्या.

त्यातली पहिली धंद्याची. मी फर्निचरच्या दुकानात नेमकं काय करतो, हे तू लोकांना आजवर "तो तिथे बसतो" असं सांगत आलीस, आणि तुला ते टोमण्यासारखं वाटत असलं तरी ते शब्दशः खरं आहे. गिऱ्हाईक खुर्चीसमोर घुटमळायला लागलं की मी तोंडातून शब्द न काढता तिच्यात बसतो. आधी हळू, मग सगळा भार टाकून, मग मागे रेलून. खुर्ची हूं की चूं करत नाही. गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं, खुर्चीकडे बघतं आणि बिल करायला सांगतं. ऑपरेशनचं कळल्यापासून मालकांची भूक गेलीय (म्हणजे ऑपरेशन माझं आणि पथ्य त्यांना). माझ्या जागी काय करता येईल ते बघायला त्यांनी गेल्या आठवड्यात माल पोचवणाऱ्या दोघा सडपातळ गड्यांना एका आरामखुर्चीत एकदम बसवलं. समोरच्या बाईंनी ही जोडप्यासाठी आहे का असं विचारलं आणि निघून गेल्या. तेव्हापासून मालक माझ्याकडे बघून नुसते उसासे टाकतात.

तर या सगळ्या शंका डॉक्टरांना विचाराव्यात म्हणून मी गेलो. सर्जनसाहेब भला माणूस आहे. उंच, शांत, बोटं पियानो वाजवणाऱ्यासारखी. ते म्हणाले, विचारा काय विचारायचं ते, मोकळेपणाने विचारा. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात ते मागे रेलले आणि त्यांची खुर्ची करकरली. ताई, तू कितीही शिव्या घाल, पण करकरणाऱ्या खुर्चीसमोर मला दुसरं काही सुचत नाही. मी विचारलं, कंबर दुखते का? ते चमकले. म्हणाले, तुम्हाला कसं कळलं? मी त्यांना उठवलं, खुर्ची उलटी केली, खालचा स्क्रू दाखवला, पाठीचा बाक कसा चुकलाय ते समजावलं. तासन्‌तास वाकून कापाकापी करणाऱ्या माणसाने असल्या खुर्चीत बसणं हा स्वतःवर अन्याय आहे असं सुनावलं. बाहेर पेशंट ताटकळत होते आणि आत सर्जन माझ्यासमोर पाठमोरे उभे राहून नेमकं कुठे दुखतं ते बोटाने दाखवत होते. मी एक चांगली, उंच पाठीची खुर्ची विकून बाहेर पडलो. जिन्यात आल्यावर आठवलं की शंका राहिल्या.

दुसऱ्या खेपेला मला एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. (आपल्या लेकीच्या वयाची पोर, पण नजर तुझी.) त्यांनी विचारलं, तुम्ही कधी खाता? म्हटलं, भूक लागली की. भूक नसताना? तेव्हाही, मधल्या वेळात राहून जाऊ नये म्हणून. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला भीती कशाची वाटते? ताई, प्रश्न सरळ होता, खोलीत आम्ही दोघंच होतो, दारही लावलेलं होतं. आणि मी म्हणालो, बाई, तुमचे पाय जमिनीला टेकत नाहीयेत, तुम्हाला पायाखाली एक छोटं स्टूल हवं. तेही विकलं. तिसऱ्या खेपेला सर्जनसाहेबांची नवीन खुर्ची घेऊन मी स्वतःच गेलो, ती बसवून दिली, ते तिच्यात बसले आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की त्या क्षणी मरणबिरणाच्या गोष्टी काढणं मला प्रशस्त वाटेना.

दर वेळी घरी आल्यावर हिने विचारलं, सगळं विचारलंत ना? आणि दर वेळी मी म्हणालो, सगळं. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारणच नाही. (हे ते म्हणाले होते, पण खुर्चीच्या चाकांबद्दल.) तेव्हापासून ही निर्धास्त दिसते. गाणं गुणगुणते. आता तिला कुठल्या तोंडाने सांगू?

बसून विचार केला तेव्हा कळलं की मला भीती वाटली की मी विकायला लागतो. शाळेत पोरं माझ्या अंगावरून काही बोलायच्या आत मीच विनोद करायचो, तेही विकणंच होतं. समोरचा हसला की तो आणखी काही विचारत नाही. हा सगळा पसारा उतरल्यावर लोक माझ्याकडे बघून कशाला हसतील आणि नाही हसले तर मी त्यांच्याशी काय बोलू, हे मला खरंच माहीत नाही. आणि त्याच्याही खाली एक शंका आहे, ती मी अजून कोणाला बोललो नाही. भूल देतात आणि मग उतरते, हे सगळे सांगतात. ज्याचा श्वास साध्या झोपेतही थांबतो त्याची उतरते का? आणि तिथे ढोसायला ही नसणार.

असो. फार लांबलं. तब्येतीला जप, जिने चढू नकोस, भाऊजींना वाफ घ्यायला लाव.

तुझा धाकटा,
ढब्या

ता. क. : ऑपरेशन सोमवारी आहे. त्याआधीच्या बुधवारी सर्जनसाहेबांकडे शेवटची भेट आहे. तू येशील का? जगात तू एकच माणूस आहेस जिला मला आजवर साधं पाटाएवढं स्टूलही विकता आलेलं नाही. पेशंटच्या जागी तू बस आणि विचार. मी भिंतीला टेकून उभा राहीन. हिला म्हणू, गुडघे दाखवायला आलीस.

आणखी एक : उगाच घाबरू नकोस. सर्जनसाहेबांच्या खुर्चीची हमी पाच वर्षांची आहे आणि तिची देखभाल मी जातीने करतो, हे मी त्यांना दोनदा बजावून सांगितलंय. मला शुद्धीवर आणणं त्यांच्या कंबरेच्याही हिताचं आहे.

पाकीट चिकटवण्याआधी : घोटाळा झाला. हिने विचारलं कोणाला लिहिताय, मी म्हटलं ताईला, तिच्या गुडघ्यांबद्दल. ती म्हणाली, "वन्संना मी कालच फोन केलाय. बुधवारी येतायत त्या. आणि तुम्ही डॉक्टरांना काही विचारलेलं नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं. शंका विचारून आलेला माणूस खुर्चीचं कौतुक करत घरात शिरत नाही." म्हणजे तुला सगळं ठाऊक आहे, आणि दोघी मिळून मला खेळवताय! मग गुणगुणत का होतीस, असं हिला विचारलं तर म्हणाली, मला भीती वाटली की मी गुणगुणते.

मग तिने बुधवारी काय काय विचारायचं ठरवलंय ते मला धडाधड बोलून दाखवलं. जखमेचं, औषधांचं, सुट्टीचं, मला पुन्हा जिना कधी चढू द्यायचा त्याचं, सगळं आलं. भुलेचं तेवढं आलं नाही. मी वाट बघितली. ती थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि सूप गरम करायला उठून गेली. ते तिच्याच्याने विचारवणार नाही, ताई, आणि माझ्याच्याने तर नाहीच. तो प्रश्न तू विचार, आम्हा दोघांच्या देखत. उत्तर काहीही आलं तरी सोमवारी मी जाणार आहे. फक्त मी मध्येच खुर्चीबद्दल बोलायला लागलो तर जोरात चिमटा काढ. कुठेही काढ, अजून भरपूर जागा आहे.