बघून उतरवलेलं पत्र

तीर्थरूप आईस,
लांबूनच वाकून नमस्कार.

अक्षर बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. हे कोंबडीचे पाय उमटलेत ते फक्त सवय मोडल्यामुळे. ऑफिसात दिवसभर टाईप करते. पेन लागतं ते सहीपुरतं. पण तू अक्षरावरून माझी तब्येत ओळखतेस, म्हणून या खेपेला छापील कागद पाठवायचा नाही असं ठरवलं.

हसशील, पण सांगते. कोरा कागद पुढ्यात घेतला तर एक वाक्य सुचेना. शेवटी सगळं पत्र आधी कॉम्प्युटरवर टाईप केलं आणि आता पडद्यावर बघून उतरवतेय. शाळेत शेजारणीचं बघून लिहायचे, तस्सं. पाटीवर हात धरून तू गिरवून घेतलंस, ते सगळं पाण्यात घातलं गं मी.

खोलीत उजेड भरपूर आहे. साहेबीण कडक आहे, पण मनाने चांगली. जेवण वेळेवर होतं. दादाचा खोकला थांबला का? तू चष्म्याचा नंबर तपासून घेतलास का? नसशील, तर हे अक्षर वाचणं हीच तुला शिक्षा.

टाईप केलेलं इथे संपलं. खाली चार बोटं जागा उरलीय आणि आता हात थांबत नाहीये.

आई, जेवण वेळेवर होत नाही. एकटीसाठी शिजवावंसंच वाटत नाही.

हे खोडणार होते. पण कागदावर खोडलेलंही तुला वाचता येतं.

तुझी,
धाकटी