अजून झाकायचं नाही

ता. ४ जानेवारी
चि. चिमीस अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं हं हं करतेस, म्हणून लिहिते. बाळाच्या हृदयाचं भोक बुजवलं, ऑपरेशन नीट झालं, ऐकून जीव भांड्यात पडला. मशीनवर गिऱ्हाइकांचे स्वेटर खोळंबलेत, पण हा स्वेटर आणि मोजे हातानं विणलेत. छातीवर टाके, म्हणून आधीचा गळाबंद उसवून पुढून उघडणारा केला. लगेच घाल. आपल्या घरात गार पायांचं मूल कुणी ठेवलेलं नाही. मोजे घट्ट झाले तर पाय मावशीवर गेले म्हणायचं.

दोन घास खात जा. लोभ पार्सलात घातलाच आहे.
तुझी ताई

ता. ८ जानेवारी
ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. स्वेटर घातलेला नाही. ऑपरेशननंतर बाळाच्या हृदयाची लय बिघडली. हृदयाला आतून टाके घातले तिथे सूज आहे, तिथून ठोके भलत्याच वेगानं सुटतात. वेग उतरावा म्हणून त्याला मुद्दाम गार ठेवतात. खाली गार पाण्याची गादी, वर काही नाही. छातीतून दोन बारीक तारा निघून एका डबीला जोडल्यात. ठोके फार मंदावले तर ते डबी देईल. डॉक्टर म्हणाले, सूज उतरली की लय बहुतेक परत येते.

काल त्याचे पाय हातात घेतले, नळाच्या पाण्यासारखे गार. मी मोजे घातले. पडद्यावरचा ठोक्यांचा आकडा चढला. सिस्टर म्हणाली, मोज्यांमुळे नसेल, मघापासून चढतोच आहे. पण मोजे काढून, घडी करून माझ्या हातात दिले. रागावली असती तर बरं वाटलं असतं. मला रडू येत नाही. काहीच येत नाही.

लोभ असू दे. माझ्याकडून सध्या पोच मिळणार नाही.
तुझी चिमी

ता. ११ जानेवारी
चि. चिमीस आशीर्वाद.

वाचून सुया खाली ठेवल्या. मला ऊब द्यायची तेवढंच येतं गं, आणि नेमकं तेच नको होतं. मोजे मी धाडले, तू नुसते घातलेस. दोषाची वाटणी झालीच तर मोठा वाटा थोरलीचा. तुझा नवरा म्हणाला, त्या गारठ्यात तू शालीशिवाय बसतेस आणि थंडी नाही म्हणतेस. खरं का?

लोभाचं राहू दे, एक ओळ धाड.
तुझी ताई

ता. १४ जानेवारी
ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

लय आली. सकाळी डॉक्टर बराच वेळ पडद्यासमोर उभे होते, मग हसले. तारा अजून काही दिवस राहतील, पुन्हा बिघडली तर म्हणून. गार गादी काढली. सिस्टर म्हणाली, "घरून आलंय ते घाला आता." तारांमुळे स्वेटर नुसता पांघरला, मोजे घातले. ढगळ होतात. पाय तुझ्यावर गेलेले नाहीत.

ते पाय धरून बसले. ऊब यायला वेळ लागला. आली, आणि ताई, मला थंडी वाजायला लागली. दात वाजायला लागले. सिस्टरनं स्वतःची शाल दिली तरी थांबेना. मग रडले.

लोभ आहेच. तू ये, येताना तुझ्याकडे राहिलेली माझी शाल आण.
तुझी चिमी