सीट दुरुस्त झाली आहे

दादा,

वहिनीला दवाखान्यात नेते आहे. तिचं मनगट टम्म सुजलं आहे, बोटं हलत नाहीत.

गिऱ्हाइकाच्या सायकलच्या चामडी सीटला तिने नको इतकं तेल चोपडलं आणि चामडं सैल पडून मधोमध खाली बसलं, हे खरं. पण "पार वाट लावलीस सीटची!" म्हणत, ज्या लाकडी हातोड्याने तू चामडं ठोकून मऊ करतोस, तोच तिच्या हातावर घातलास. मी मध्ये पडले नसते, तर पुढचा घाव डोक्यातच बसला असता.

शेजारच्या काकू गाडी काढेपर्यंत मी ती सीट हातात घेतली. सीटच्या टोकाखालचा नट जरासा आवळला आणि चामडं पुन्हा ताठ झालं. एवढंच करायचं होतं. तुला ते माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. सीट खिडकीत ठेवली आहे. तेल पुरतं मुरेपर्यंत तिच्यावर कुणाला बसू देऊ नकोस.

हातोडा शोधू नकोस, माझ्या पिशवीत आहे. डॉक्टरांनी विचारल्यावर वहिनी नेहमीसारखं "जिन्यात पडले" म्हणेल. तेव्हा मी तो त्यांच्या टेबलावर ठेवणार आहे.

धाकटी