अळणी पान

श्रीरामपूर,
शुक्रवार, दि. ९ मार्च १९७३

सौ. इंदूवन्सं यांना अंबिकेचा नमस्कार.

तुमचं पत्र काल दुपारच्या टपालाने मिळालं. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, तितकं ठीक काही नाही. नळाला एक दिवसाआड पाणी येतं. रेशनला मिलो मिळतो, त्या तांबड्या परदेशी ज्वारीची भाकरी थापताना तुटते आणि खाताना तुटत नाही. हे शाळेच्या परीक्षांत बुडालेले आहेत. आई अजून दवाखान्यातच आहेत, पण श्वास पुष्कळ बरा आहे, उशाला दोन उश्या घेतल्या की झोप लागते. सोमवारी घरी सोडू असं सुमंत डॉक्टर म्हणाले.

तुम्ही पत्रात माझी माफी मागितली आहे, तीही तीन वेळा. 'तू बिचारी आईसाठी वेगळं शिजवत होतीस, आणि मी तुला नाही नाही ते लिहिलं. आईच चोरून मीठ खात होती हे दादाच्या पत्रावरून कळलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.' शिवाय रंगपंचमी झाली की आईंना कायमचं धुळ्याला नेणार, तिथे लोणच्याच्या बरण्या कुलपात ठेवणार, म्हणजे माझ्या जिवाचा घोर संपेल, असंही लिहिलं आहे. माझ्यासाठी हिरवं लुगडं घेतलंत. दुकानदार परत घेत असेल तर ते परत करा.

का ते सांगते. हे म्हणतात, तुला गावाला निघायचं असलं तरी तू आधी अंगण झाडतेस. तसंच होईल, पण थोडं सोसा.

डिसेंबरात आईंच्या पायांना सूज आली ते तुम्हाला माहीत आहेच. हृदय अशक्त झालंय, त्यामुळे अंगात पाणी साठतं, असं डॉक्टरांनी समजावलं. सकाळी लघवीची गोळी, पायांखाली वळकटी, पाणी मोजून, आणि मीठ अजिबात बंद. 'गोळी पाणी बाहेर काढते आणि मीठ ते धरून ठेवतं. तुम्ही मीठ देत राहिलात तर माझी गोळी काय करणार?' असं ते मला म्हणाले, ह्यांना नाही. स्वयंपाक माझा ना.

तेव्हापासून आईंची भाजी-आमटी वेगळी. अळणी आमटी आणि गरम पाणी यांत काही फरक राहावा म्हणून लिंबू, चिंच, भाजलेलं जिरं, कोथिंबीर, सगळं करून बघितलं. पहिल्या दिवशी पान वाढलं तेव्हा त्या म्हणाल्या, "देवाच्या पानात मीठ वाढत नाहीत. मला जिवंतपणीच देव्हाऱ्यात बसवायचं ठरवलंस का?" दोघी हसलो. आठवड्याने हसणं संपलं. त्या एक घास घ्यायच्या आणि पानाकडे बघत बसायच्या.

रोज सकाळी माझ्या शिवणाच्या टेपने घोट्यावरचं माप घेऊन मी ते कॅलेंडरावर लिहीत असे, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. पावणेबारा इंचांवरून माप साडेनऊवर आलं. दीड महिना लागला. पायांवरची कातडी सैल पडली, त्या पुन्हा परसापर्यंत चालू लागल्या. ह्यांनी शाळेत सगळ्यांना डॉक्टरांचा हातगुण सांगितला. मी शेगडीपाशीच होते.

मधे संक्रांतीला तुम्ही आलात. आई तुमच्यापाशी रडल्या, ते स्वाभाविक होतं, लेकीपाशी नाही रडायचं तर कोणापाशी. तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत. पत्र आलं ते फेब्रुवारीत. ह्यांनी ते जेवताना मोठ्याने वाचलं, नेहमीसारखं, पुढे काय लिहिलंय याची कल्पना न येता. 'माझ्या आईला कैद्यासारखं अळणी घालून वाळवताय. अंबिका, तुझी स्वतःची आई असती तर तिच्या पानात असं वाढलं असतंस का?' हे तिथे थांबले. मी वाट बघितली, हे काही म्हणतील म्हणून. ते म्हणाले, "इंदूचा स्वभावच तसा आहे."  आईंनी पान पुढे सारलं.

वन्सं, दुसऱ्या दिवसापासून मी आईंच्या आमटीत मीठ घातलं.

हे मी कालपासून चार कागदांवर लिहून फाडलं. आता लिहिलं गेलंय तर राहू दे. आईंनी मिठाच्या डब्यातला एक कणही चोरून खाल्ला नाही. मी घातलं. आठ दिवस, दोन्ही वेळा, हात राखून नव्हे. तुमची लेकीची माया ना, मग घ्या, असं मनात म्हणत घातलं. सहाव्या दिवशी तुम्ही आणलेल्या लिंबाच्या लोणच्याची फोडही वाढली.

मला परिणाम ठाऊक नव्हते असं लिहिता आलं असतं. पण डॉक्टरांनी मलाच समजावलं होतं, आणि टेप माझ्याच हातात होती. तिसऱ्या दिवशी माप दहा भरलं. मी कॅलेंडरावर साडेनऊ लिहिलं. पाचव्या दिवशी साडेदहा, मी साडेनऊच लिहिलं. हे येता-जाता कॅलेंडराकडे बघायचे आणि समाधानाने शाळेत जायचे.

छबूबाई भांडी घासायला येते आणि जाता जाता आईंचे पाय चेपते, हे तुम्ही बघितलंय. तिने मला गाठलं. "वैनी, आज्जीचं पाय बगितलं का? बोट दाबलं तर खळगा भरंना. लई पानी साठलंय." मी म्हणाले, तू तुझी भांडी घास. ती बिचारी दुसऱ्या दिवशी पदरात घेटुळीची भाजी घेऊन आली. "पाटाच्या कडंला घावली. मिठाबिगर शिजवा, लगवी मोकळी व्हती. माज्या सासूला गुन आल्ता." तीही भाजी मी मीठ घालून शिजवली. सगळ्यात जास्त मला हेच खातं, का ते कळत नाही.

आईंचा जीव जावा असं माझ्या मनात होतं का, हे तुम्ही विचाराल. मी स्वतःला विचारलं. तसं नव्हतं. पाय पुन्हा सुजावेत, तुम्ही दोघा भावंडांनी ते डोळ्यांनी बघावं आणि म्हणावं की अंबिका करत होती तेच बरोबर होतं, एवढंच मला हवं होतं. मग आकडे खोटे का लिहिले, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. रागात माणूस सरळ विचार करतो असं थोडंच आहे.

नवव्या दिवशी सकाळी त्यांना आडवं होता येईना. बसून धापा टाकत होत्या, ओठ काळे पडले होते. शेजारच्या काकासाहेबांच्या टेम्पोत घालून नेलं. पुढचं सगळं तुम्हाला ह्यांनी लिहिलंच आहे, इंजेक्शनं, नळी, दोन दिवस. त्यांनी जे लिहिलं नाही ते असं. डॉक्टरांनी खाटेपाशी उभं राहून विचारलं, "मीठ कोणी दिलं यांना?" हे माझ्याकडे बघायच्या आत आई बोलल्या. एकेका शब्दाला दम घेत होत्या. "मीच. डब्यातलं. कोणी नसताना." ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मी टॉवेल धरून उभी होते आणि उभीच राहिले.

तेव्हापासून जो येतो तो त्यांना शहाणपण शिकवून जातो. वाड्यातल्या मालनबाई तर तोंडावर म्हणाल्या, या वयात जिभेचे कसले चोचले. ह्यांनी घरी फडताळाला कुलूप आणून ठेवलंय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि चोर दोन वेळा डबा घेऊन दवाखान्यात जातो.

परवा दुपारी खोलीत आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, "आई, तुम्ही असं का सांगितलंत?"

त्या म्हणाल्या, "मला पहिल्याच घासाला कळलं होतं. चाळीस वर्षं चूल सांभाळलीय मी."

"मग मला बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू थांबली असतीस."

 त्या डोळे मिटून म्हणाल्या, "रागाने घातलंस हेही कळत होतं. पण अगं, जेवल्यासारखं वाटत होतं. निम्मी चोरी माझीच. इंदूला यातलं काही कळवू नकोस, ती जन्मभर धरून बसेल. आणि मला धुळ्याला नको पाठवू. तिथे कुलूप आणि मी. इथे निदान तू भांडतेस तरी."

मी रडले, वन्सं. त्यांचे पाय धरून रडले. त्या पायांवर माझ्या बोटांचे खळगे उठले आणि कितीतरी वेळ तसेच राहिले.

त्यांनी कळवू नको म्हटलं, तरी कळवते आहे. नाहीतर तुम्ही याल, त्यांना चोर समजून बोलाल, आणि त्या ऐकून घेतील. मग गाडीत बसवून न्याल आणि त्या जातीलही, माझं नाव काढणार नाहीत. तेवढं माझ्याने बघवणार नाही. तुम्हाला जे बोलायचं ते मला बोला, वाड्यातल्या सगळ्यांसमोर बोला. पण त्यांना कुठे राहायचं ते त्यांनाच विचारा, आणि माझ्या माघारी विचारा, म्हणजे भिडेला पडून सांगितलं असं व्हायला नको.

ह्यांना अजून काही माहीत नाही. आपल्या दर पत्राखाली हे दोन ओळी लिहितात, तशी त्यांच्यासाठी खाली चार बोटं जागा सोडली आहे. शाळेतून आले की चहा देईन आणि हे कागद पुढे ठेवीन. त्यांनी काही लिहिलं तर ते वाचा. जागा कोरीच आली, तर पत्र मिळताच निघा. आईंना रोज अळणी शिजवून घालणारं कोणीतरी हवं, आणि ती मी असेन की नाही, हे आज मला सांगता येत नाही.

अंबिका