झिंगलेल्या डचेसवरचा मुक्काम

२ ऑक्टोबर
आज सकाळी एका बदकाला चांगलं खडसावलं. उत्तर आलं नाही, म्हणून ही वही आणली. बोलायला कुणी नसलं की एकटं माणूस बिघडतं, आणि मला बिघडायचं नाही.

वस्तुस्थिती अशी – घरमालकाने वॉटफर्डचं घर विकलं. माझ्या पेन्शनीत त्या गावात आता गॅरेजसुद्धा भाड्याने मिळत नाही. बोट मिळाली. लांब, अरुंद, कालव्यातली. स्टोव्ह आहे, पलंग आहे, पुस्तकांना दोन फळ्या आहेत. अट एकच – पंधरवडा झाला की जागा सोडून पुढे सरकायचं. जन्मभर भूगोल शिकवला, आता थोडं हिंडायला हरकत नाही.

नाव मात्र भयंकर. दोन्ही बाजूंना हातभर अक्षरांत 'टिप्सी डचेस'. झिंगलेली सरदारीण! मी दारूला शिवत नाही. दवाखान्यात फोन केला, त्यांनी पत्ता विचारला, मी सांगितला. पलीकडच्या मुलीने तो दोनदा सांगायला लावला. दुसऱ्यांदा बहुधा मैत्रिणींसाठी.

११ ऑक्टोबर
क्लाइव्ह येऊन गेला. माझ्या भावाचा मुलगा. वय चाळीस, काळजी सत्तरीची. आल्या आल्या छताला डोकं आपटलं आणि म्हणाला, "आत्या, हे काय वय आहे का तुझं? माझ्याकडे मागची खोली रिकामीच आहे."

ती खोली मी पाहिली आहे. खिडकीतून शेजाऱ्यांचे कचऱ्याचे डबे दिसतात.

शेवटी करार झाला. मार्चमध्ये मार्सवर्थची लॉकं, म्हणजे पाणी भरून बोट पायरीपायरीने वर चढवणारे दारांचे हौद, मी एकटीने चढून दाखवायची. नाही जमलं तर बोटीची किल्ली त्याच्या हातात आणि मी त्या खोलीत, त्याच्या टीव्हीसकट. हात मिळवले. टॅपली घराण्यात शब्द मोडत नाहीत.

२० ऑक्टोबर
डेन्झिलची कोळशाची बोट आली. हा माणूस कालव्यावरच जन्मला आणि बहुतेक तेव्हापासून अंघोळ राहिली आहे. कोळसा घेतला, आणि लॉकच्या झडपा उघडायचं लोखंडी हँडल घेतलं. लगेच त्यावर पांढऱ्या रंगाने 'टॅपली' लिहिलं. माझ्या छत्रीवर, किटलीवर, बादलीवरही आहे.
"बरं केलंत, मास्तरीणबाई," डेन्झिल म्हणाला. "कालव्यात पडलं की माशांना कळेल कुणाचं ते."

ब्रश हातात आहेच तर बोटीचं नावही पुसते म्हटलं, तर त्याचा चेहराच उतरला. बोट पाण्यात असताना नाव पुसायचं नसतं म्हणे. आधी बोट बाहेर काढायची, मग पुसायचं. का? तर "नसतं पुसायचं." हे कारण झालं? वर्गात असतं तर बाकावर उभा केला असता.

२१ ऑक्टोबर
नाव पुसलं. हिरवा रंग, दोन हात.

१५ नोव्हेंबर
शौचालयाची टाकी भरली. चाकांवर ठेवून, चिखलातून ओढत, रिकामी करायच्या जागेपर्यंत नेली. वाटेत एक चाक निखळलं. पुढचं लिहीत नाही.

६ डिसेंबर
क्लाइव्ह पुन्हा मुक्कामाला. आता दर शनिवारी येतो, आणि दर वेळी बॅग मोठी. स्टोव्ह किती कोळसा खातो, परवाना कुठे काढतात, हिवाळ्यात पाइप गोठतात का – उलटतपासणीच! मागच्या खोलीचं नाव मात्र काढत नाही. डाव असणार. भांडी त्यानेच घासली. हाही डावाचाच भाग.

१ फेब्रुवारी
कालव्यावर बर्फ. क्लाइव्ह टेप घेऊन बोटीतल्या बाकाची लांबी मोजत होता. आधी बाकाची, मग स्वतःची.

७ मार्च
जमलं! मार्सवर्थची सगळी लॉकं एकटीने चढले. दारं पाठीने रेटली, झडपा उघडल्या, बोट वर, झडपा बंद, पुढे. क्लाइव्ह काठाकाठाने चालत होता, खिशात हात घालून, करारानुसार. शेवटच्या लॉकवर फिरायला आलेली चारसहा मंडळी दारावरच उभी राहून फोटो काढत होती. त्यांना पाण्यापाशी कसं वागावं ते समजावलं. बराच वेळ समजावलं. मग लॉकच्या वरच्या टप्प्यात, कालव्याच्या पुढच्या सपाट पट्ट्यात, बोट बांधली. क्लाइव्ह रात्री बाकावरच झोपणार आहे.

८ मार्च, सकाळी
जाग आली ती भिंतीवर. बोट एका बाजूला कलंडलेली. किटली, पुस्तकं आणि क्लाइव्ह एका कोपऱ्यात. बाहेर पाहते तो टप्प्यातलं पाणी गायब! आमच्यासकट सगळ्या बोटी चिखलात आडव्या. कुणीतरी लॉकची वरची झडप उघडी टाकली, आणि खालची गळकी दारं रात्रभर पाणी सोडत राहिली.

मी छतावर चढून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. बेजबाबदारपणा या विषयावर. त्या माणसाचं नाव कळलंच पाहिजे, असा समारोप केला.

८ मार्च, दुपारी
नाव कळलं.

डेन्झिल लॉककडून चालत आला. कोटातून हँडल काढून माझ्या हातात दिलं. उघड्या झडपेवरच अडकलेलं होतं म्हणे. पांढरा रंग छान टिकला आहे.

"काळजी करू नका," तो हळूच म्हणाला. "तुम्ही नाव पुसलंत ना, म्हणून झालं असं सगळे समजताहेत. समजू द्या."

बोटीच्या नावामुळे झडप उघडी राहते! असल्या भाकडकथेमागे लपण्यापेक्षा गुन्हा कबूल केलेला बरा. एकेक बोट गाठून सांगितलं – नावामुळे नाही, माझ्यामुळे. हे बघा हँडल. एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "या, चहा घ्या, कप तेवढा धरून ठेवा. माझ्याकडून दोनदा झालंय." तोवर डेन्झिलने आमच्याही वरच्या टप्प्यातून पाणी सोडलं आणि बोटी कुरकुरत सरळ झाल्या.

नापास म्हणजे नापास. किल्ली क्लाइव्हपुढे ठेवली, बॅग भरायला घेतली. त्याने किल्लीला हात लावला नाही. स्टोव्हमध्ये उगाच कोळसे ढकलत बसला. मी म्हटलं, त्या खोलीचा पडदा तरी बदल.

"आत्या," तो म्हणाला, "खोली नाहीये. घरच नाहीये. मालकाने विकलं."

९ मार्च
किल्ली पुन्हा माझ्या खिळ्यावर. क्लाइव्हच्या ताब्यात दिलं ते असं – बाक, कायमचा. हँडल, नाव रंगवायला नको, तोही टॅपलीच. आणि शौचालयाची टाकी, भरलेली.