ब्याण्णव किलोंची गाडी

३ मार्च, मंगळवार

हे गाडी पुतण्याला देणार म्हणे! रविवारी तो येणार, किल्ली घेऊन जाणार. मला विचारलं? जेवता जेवता सांगितलं, मीठ मागावं तसं. "गुडघ्यामुळे मला क्लच दाबवत नाही. आणि तुझ्या हातात ती सरळ जात नाही, हे तर जगजाहीर आहे."

जगजाहीर केलं कोणी? ह्यांनीच! एकतीस वर्षं पाहुण्यांपुढे हाच विनोद — "बायको चालवतेय हे गाडीच्या शेपटावरून कळतं."

गाडी कोणाची? बाबांची. दोन सीटांची, लाल, बुटकी स्पोर्ट्स कार. जाताना माझ्या नावावर करून गेले. जावयाच्या नाही.

४ मार्च

सकाळी एकटीच घेऊन गेले, गोदामांमागच्या सरळ रस्त्यावर. साठच्या पुढे गेलं की मागचा भाग सरकतो. माझे हात थरथरत नाहीत. पस्तीस वर्षं फळ्यावर नुसत्या हातानं वर्तुळं काढली, एकाचंही अंडं झालं नाही! दोष मागच्या चाकांत आहे.

कंप्यूटरवाल्या गॅरेजात गेले. "पुढची चाकं ओके आहेत, आजी." आणि मागची? "मागची कोण बघतं, आजी!"

कॉन्व्हेंटात सिस्टर म्हणायच्या, मोजल्याशिवाय तोंड उघडू नये. ह्या माणसाला त्यांच्या वर्गात आठवडाभर बसवायला हवं.

५ मार्च

हे म्हणाले, "नाचता येईना..." आणि थांबले. म्हण पुरी करायची हिंमत नाही!

६ मार्च, शुक्रवार

बाबांच्या वेळच्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकांच्या उंचीवर दोऱ्या ताणल्या. दोरीपासून मागच्या चाकाची पुढची कड किती, मागची किती — पोलादी पट्टीनं मोजायचं. पण आधी ड्रायव्हरच्या सीटवर वाळूच्या पिशव्या रचायला लागले.

"हे काय?"

"साहेबांचं वजन, बाई. ब्याण्णव किलो. माणूस बसला की गाडी मागून दबते, चाकाचं तोंड फिरतं. ओझं ठेवूनच चाक सरळ लावावं लागतं."

मी सत्तेचाळीस किलोंची आहे!

पिशव्या खाली काढायला लावल्या, स्वतः बसले. "आता मोजा." उजवं चाक तीन मिलिमीटर बाहेर तोंड करून! मिस्त्री मान खाजवत म्हणाले, "तुमचे वडील सांगून गेले होते, पोरीचं वजन धरून लाव. साहेब म्हणाले, नको. दर वर्षी विचारायचो मी."

दर वर्षी!

७ मार्च

पाच तास सीटवर बसून. मिस्त्रींनी चाकाच्या दांड्याला धरणाऱ्या लोखंडी कंसामागून पत्र्याच्या पातळ चकत्या काढायच्या, घालायच्या, गाडी पुढेमागे ढकलायची, पुन्हा मोजायचं.

"बाई, हलू नका."

"हलत नाहीये. संतापलेय."

संध्याकाळी गोदामांचा रस्ता. नव्वद! शेपूट जागच्या जागी. मोठ्यांदा ओरडले. रडलेही — रागानंच.

८ मार्च, रविवार

पुतण्या आला. "काकू, किल्ली?" म्हटलं, चहा घे आणि बसनं जा.

तो गेल्यावर ह्यांना विचारलं — माहीत होतं ना? पेपर खाली ठेवला नाही. पेपरामागूनच म्हणाले: "सरळ चालली असती तर तू लांब गेली असतीस. परत आली असतीस कशावरून?"

ह्यासाठी! एकतीस वर्षं चारचौघांत माझ्या हातांना नावं ठेवली ती ह्यासाठी! तोंडानं विचारता येत नव्हतं? मी काय उत्तर दिलं असतं ते मलाही आता कधी कळायचं नाही.

९ मार्च

सकाळी नऊला निघाले. कुठे ते सांगितलं नाही. मुद्दाम. संध्याकाळी सातला परतले तर हे फाटकाशी, गुडघा धरून उभे. शेजारीण म्हणाली, दहापासून तिथेच आहेत.

बघून बरं वाटेल असं वाटलं होतं.