भरून येतंय

प्रिय विंको,

रागातच लिहितेय, तेव्हा कसा आहेस वगैरे विचारत नाही. बाबांच्या कानावरची उन्हाने झालेली जखम आता वाटाण्याएवढी झालीय. डॉक्टर म्हणतात, कापायलाच हवी. बाबा म्हणतात, "काही नको, भरून येतंय." बोलून बोलून माझ्या तोंडाला फेस आला.

आपल्या गारठलेल्या पुंता अरेनासात ऊन म्हणजे पाहुणा, त्याच्यासमोर डोकं झाकून बसायचं नसतं, हे बाबांचं जन्मभराचं तत्त्वज्ञान. चौकातला उन्हाच्या धोक्याचा दिवा लाल झाला की शेजारपाजार घरात पळतो आणि हे मेंढ्यांच्या कुंपणावर बोडक्याने माते-चहा पीत बसतात. मी शिवलेली कानटोपी त्यांनी कुत्र्याला अंथरून दिली!

आणि आता डॉक्टरांनाही नाही म्हणतात, त्याला कारण तू. गेल्या नाताळात सांतियागोहून आलास आणि बाबांच्या पलंगावर वातावरण मांडलंस. खाली जाड घोंगडी. आपला वारा, ढग, पाऊस सगळं तिच्यात. तिच्यावर जुनी चादर, ऊन गाळणाऱ्या ओझोनची. मग उल्का जळून जातात तो थर, म्हणजे माझी शाल. सगळ्यात वर ध्रुवीय प्रकाश खेळतो तो, आईचा लेसचा रुमाल. "एवढी पांघरुणं, तरी थंडी ती वाजतेच!" म्हणून बाबा खो खो हसले. आपल्या स्पॅनिशमध्ये थरही 'कापा' आणि झगाही 'कापा'; त्यांना थर कसला आठवतोय, अंगावरचा झगाच आठवणार. "मग फाटलाय कुठं?" त्यांनी विचारलं. तू चादरीच्या भोकात बोट घातलंस आणि म्हणालास, "इथं. पण काळजी नको बाबा, आता भरून येतंय."

लोकांनी ते घातक वायू वापरणं सोडलं म्हणून भरतंय, हेही तू सांगितलंस. मी ऐकलं. बाबांनी नाही ऐकलं. त्यांनी तेवढे दोनच शब्द उचलले आणि कानाला लावले. आता मी काही म्हटलं की उत्तर तयार: "आभाळाचं भरतंय, माझं नाही भरणार? विंको शिकलेला आहे, तू गप्प बस." रोज जखम पुसायची मी, आणि शहाणा तू. चीड येते रे.

फोनवर सांगू नकोस, दानित्सानेच पढवलंय म्हणतील. वरचं भोक बुजायला अजून चाळीसेक वर्षं लागतील म्हणाला होतास. लागू देत. बाबांना डॉक्टरांनी नाताळापर्यंतची मुदत दिलीय, नंतर कापूनही उपयोग नाही म्हणे. मला भीती वाटते, विंको. ये, आणि तुझं ते वाक्य त्यांच्यासमोर बसून परत घे.

वाट बघणारी, तुझीच बहीण,
दानित्सा